पंचेचाळीस हजारांचा डिप्लोमा की एकवीस दिवसांची लेबर रूम?

पत्र: मी जीएनएम, म्हणजे परिचर्या आणि प्रसूतिविद्येची पदविका घेतलेली नर्स आहे. विदर्भातल्या एका ग्रामीण रुग्णालयात राष्ट्रीय आरोग्य अभियानातून कंत्राटी स्टाफ नर्स म्हणून चार वर्षं काम करते, बहुतेक काळ लेबर रूमलाच. दोन वर्षांपूर्वी एनएसएसकेचं (नवजात शिशू सुरक्षा कार्यक्रमाचं) दोन दिवसांचं प्रशिक्षण झालं, त्यानंतर काहीच नाही. ‘कंत्राटी लोकांना पाठवत नाहीत’ असं इथे सांगतात. परवा व्हॉट्सॲपवर ‘माता व बाल आरोग्य डिप्लोमा, तीन महिने, पूर्ण ऑनलाइन, पंचेचाळीस हजार’ अशी जाहिरात आली. घेऊ का? मला पुढे मिडवाइफरीत जायचंय, पण किशोरवयीन मुलींबरोबर काम करायचीही ओढ आहे. आमच्याकडे किशोरवयीनांसाठीचं मैत्री क्लिनिक आहे, पण तिथे समुपदेशक सोडून कुणी बसत नाही. घरी तीन वर्षांचा मुलगा आहे, फार दिवस बाहेर राहणं अवघड जातं. काय करावं?
– एक परिचारिका

ताई,

डिप्लोमाचे पैसे भरू नका. याचं कारण आधी सांगतो, म्हणजे उद्या दुसरी जाहिरात आली तरी तुमचा निर्णय तुम्हाला घेता येईल.

असा कुठलाही अभ्यासक्रम समोर आला की तीन प्रश्न विचारा. भारतीय परिचर्या परिषदेची किंवा महाराष्ट्र परिचर्या परिषदेची त्याला मान्यता आहे का, म्हणजेच तो तुमच्या नोंदणीवर अतिरिक्त पात्रता म्हणून चढेल का? दर पाच वर्षांनी नोंदणी नूतनीकरणाला लागणाऱ्या दीडशे सीएनई (निरंतर परिचर्या शिक्षण) तासांत त्याचे तास धरले जातील का, आणि प्रमाणपत्रावर ते तास छापलेले असतील का? तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा: देखरेखीखाली किती प्रसूती, किती नवजात, किती समुपदेशनं प्रत्यक्ष करायला मिळतील आणि लॉगबुकवर सही कोण करणार? पूर्ण ऑनलाइन अभ्यासक्रमात तिसऱ्याचं उत्तर शून्य येतं. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं लेखी मागा. ती टाळली गेली, तर तिथेच थांबा. ऑनलाइन शिकूच नये असं नाही. सरकारच्या ‘स्वयम्’ या ऑनलाइन पोर्टलवरचे किंवा जागतिक आरोग्य संघटनेचे मोफत अभ्यासक्रम वाचनापुरते चांगले आहेत. पण फक्त वाचनासाठी पंचेचाळीस हजार मोजायचं कारण नाही.

तुमच्या कामाला खरं वळण देणारी बरीचशी प्रशिक्षणं आरोग्य विभागाकडेच आहेत आणि त्यांना फी नाही. अडचण एवढीच की ती आपण होऊन चालत येत नाहीत. म्हणून आधी कुठलं प्रशिक्षण कशासाठी ते पाहू, मग ते मिळवायचं कसं ते.

चार वर्षं लेबर रूमला असूनही एसबीए, म्हणजे कुशल प्रसूती सहायकाचं प्रशिक्षण, झालेलं नाही, त्यामुळे सुरुवात तिथूनच. एकवीस दिवस, बहुधा जिल्हा किंवा स्त्री रुग्णालयात. ‘प्रसूती तर मी रोज करते, त्यात नवं काय?’ असं वाटणं साहजिक आहे. नवं हे की तिथे तुमच्या हाताच्या सवयी कुणीतरी शेजारी उभं राहून तपासतं. पार्टोग्राफ, म्हणजे प्रसूतीच्या प्रगतीचा तक्ता, बाळंतपण उरकल्यावर नाही, चालू असताना भरायचा. बाळ बाहेर आल्यावर पोटात दुसरं बाळ नाही याची खात्री करून एका मिनिटाच्या आत ऑक्सिटोसिनची १० युनिट स्नायूत द्यायची. आणि ते ऑक्सिटोसिन फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत ठेवलेलं असलं पाहिजे, खिडकीजवळच्या ट्रेमध्ये नाही, कारण उष्णतेने त्याचा जोर उतरतो आणि मग इंजेक्शन देऊनही रक्तस्राव का थांबत नाही हे कुणाला उमगत नाही.

मॅग्नेशियम सल्फेटचंही तसंच. झटके आलेल्या बाईला रेफर करण्याआधी स्नायूतून द्यायचा पहिला डोस १० ग्रॅमचा: दोन्ही कुल्ल्यांत खोलवर पाच-पाच ग्रॅम. ॲम्प्यूल ५० टक्क्यांचं, २ मिलीचं असेल तर त्यात १ ग्रॅम असतो, म्हणजे एका बाजूला पाच आणि एकूण दहा ॲम्प्यूल फोडावी लागतात. ऐन झटक्याच्या वेळी दहा ॲम्प्यूल फोडायला हात थरथरतो, आणि दोन-तीन देऊन गाडीत बसवलेल्या बाया वाटेत पुन्हा झटका येऊन पोचतात. ॲम्प्यूलवरची टक्केवारी वाचायची, डोस भरायचा, वेळ आणि मात्रा रेफर चिठ्ठीवर लिहायची. हे एकदा हाताने केलेलं असेल तर रात्री तीन वाजताही जमतं.

या एकवीस दिवसांत काय बिघडतं तेही सांगतो. जिथे इंटर्न आणि निवासी डॉक्टर भरपूर असतात तिथे प्रशिक्षणार्थी नर्सच्या वाट्याला प्रसूती येत नाही. ती ट्रे लावते, रजिस्टर भरते आणि एकवीस दिवस संपतात. दुसरं, नऊ ते पाच हजेरी लावून परत जाणाऱ्यांना फार थोडं मिळतं, कारण प्रसूतींना घड्याळ नसतं. पहिल्याच दिवशी इन्चार्ज सिस्टरकडून आठवड्यात निदान दोन रात्रपाळ्या मागून घ्या. लॉगबुकमधले रकाने पहिल्या आठवड्यातच बघा आणि जे कमी पडणार असं दिसतं ते नाव घेऊन मागा: ‘मला पार्टोग्राफवर चार बायका हव्यात’, ‘हाताने वार काढताना मला बोलवा’. शेवटच्या दोन दिवसांत सगळ्या सह्या एकदम घेणाऱ्या बॅचेस असतात. त्या सह्यांमुळे तुमच्या हाताला काहीच येत नाही.

एसबीए झाल्यावर, किंवा जमलं तर सोबतच, दक्षता. तीन दिवसांचं आहे आणि त्याचा गाभा म्हणजे सुरक्षित प्रसूती चेकलिस्ट: दाखल करताना, प्रसूतीच्या अगदी आधी, जन्मानंतर तासाभरात आणि घरी सोडताना अशा चार थांब्यांवर काय पाहायचं. तुमचं रुग्णालय लेबर रूमचा दर्जा सुधारण्याच्या ‘लक्ष्य’ कार्यक्रमात असेल किंवा येणार असेल तर हे प्रशिक्षण मागायला तुमच्याकडे भक्कम कारण आहे. लक्ष्यच्या मूल्यांकनात लेबर रूमच्या नर्सचं कौशल्य प्रत्यक्ष करून दाखवायला सांगतात, तेव्हा अधीक्षकांनाही प्रशिक्षित माणूस लागतोच.

एनएसएसके दोन वर्षांपूर्वी झालं म्हणता. मग ते आज पुन्हा करण्याची वेळ झालीच आहे. नवजाताचं पुनरुज्जीवन हे वापरलं नाही तर महिन्यांत विसरणारं कौशल्य आहे, आणि तुमच्याकडे न रडणारं बाळ रोज येत नाही ही चांगली गोष्ट असली तरी सरावाच्या दृष्टीने अडचण आहे. बॅचची वाट पाहू नका. महिन्यातून एकदा, पाळी बदलताना दहा मिनिटं, सरावाची बाहुली आणि बॅग-मास्क घेऊन दोघी-दोघी करा. मास्क पूर्ण दिवसांच्या बाळाला १ नंबर, कमी दिवसांच्याला ०. खांद्याखाली कापडाची इंचभर घडी, मान किंचित मागे. तोंड आधी, नाक नंतर साफ करायचं, आणि तेही गरज असेल तरच. श्वास मिनिटाला ४० ते ६०, मनात ‘दाबा-दोन-तीन’ म्हणत. पहिला श्वास जन्मापासून साठ सेकंदांच्या आत.

सर्वाधिक चुका कुठे होतात? छाती वर येतेय का हे बघितलंच जात नाही. छाती हलत नसेल तर जोरात दाबायचं नसतं, आधी मास्क पुन्हा नीट बसवायचा, मानेची स्थिती नीट करायची, घशात काही आहे का पाहायचं, तोंड थोडं उघडायचं, आणि मगच दाब वाढवायचा. दुसरी चूक म्हणजे धुवून वाळवलेली बॅग जोडताना झडप उलटी किंवा अर्धवट बसवणं. दर पाळीला बॅग तळहातावर दाबून बघितली तर हे आधीच कळतं. वॉर्मर प्रसूतीनंतर लावणं ही तिसरी. बाळ ठेवण्याआधी तो तापलेला असला पाहिजे.

तुमच्याकडे नवजात स्थिरीकरण कक्ष असेल किंवा तुम्हाला एसएनसीयूत, म्हणजे आजारी नवजातांच्या विशेष कक्षात, जायची इच्छा असेल तर एफबीएनसी, म्हणजे रुग्णालयातल्या नवजात काळजीचं प्रशिक्षण, घ्या. चार दिवस वर्ग आणि दोन आठवडे दुसऱ्या मोठ्या एसएनसीयूत निरीक्षण, असा त्याचा साचा आहे. ते दोन आठवडे बहुधा जिल्ह्याबाहेर काढावे लागतात, म्हणून मुलाच्या दृष्टीने याला जास्त तयारी लागेल, त्याबद्दल शेवटी. एफ-आयएमएनसीआय हे आजारी बाळं आणि पाच वर्षांखालच्या मुलांसाठीचं आहे, अकरा दिवसांचं. आधी आयएमएनसीआय (नवजात आणि बालपणातल्या आजारांच्या एकात्मिक व्यवस्थापनाचं प्रशिक्षण) केलेल्यांना ते पाच दिवसांत होतं. लेबर रूमचीच वाट धरायची ठरली तर ते थोडं मागे ठेवलं तरी चालेल. स्तनपानाचं प्रशिक्षण मात्र लेबर रूमच्या प्रत्येक नर्सने घ्यावं असं आमचं ठाम मत आहे. पहिल्या तासात बाळाला छातीशी लावणं कागदावर सोपं दिसतं. बाळाने फक्त बोंडी पकडली आहे की बोंडीभोवतीचा काळा भागही तोंडात घेतला आहे, हे ओळखायला डोळा तयार व्हावा लागतो.

आणखी एक गोष्ट प्रशिक्षणात फारशी सांगितली जात नाही, म्हणून इथे. तुम्ही सुट्टी दिलेलं बाळ पुढे आशाताईंच्या हातात जातं. रुग्णालयात जन्मलेल्या बाळाला त्या ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी भेटतात. घरी नवजाताची काळजी घेण्याची ही पद्धत गडचिरोलीत सर्च संस्थेने डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या नेतृत्वाखाली उभी केली, १९९९ साली तिचे निष्कर्ष ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले आणि २०११ मध्ये ती देशभर लागू झाली. तुमच्या भागातल्या आशांच्या मॉड्यूल ६ आणि ७ (त्यांच्या प्रशिक्षणाचे भाग) चं एखादं पुनर्प्रशिक्षण बसून बघा, परवानगी घेऊन. सुट्टीच्या कार्डावर जन्मवजन, दूध पिण्याची स्थिती आणि धोक्याची खूण तुम्ही कशी लिहिता यावर त्यांची पहिली भेट किती उपयोगी ठरते हे तिथे कळतं.

आता मिळवायचं कसं. ‘कंत्राटींना पाठवत नाहीत’ हा नियम नाही, सवय आहे. अभियानाच्या पैशातून होणाऱ्या प्रशिक्षणांत अभियानाचे कर्मचारी असतातच. जिल्ह्याच्या मंजूर आराखड्यात त्या वर्षी एसबीएच्या, एनएसएसकेच्या किती बॅचेस आणि बॅचमध्ये किती जण हे ठरलेलं असतं, आणि जिल्हा प्रशिक्षण केंद्र त्याप्रमाणे वेळापत्रक लावतं. आधी तिथे जाऊन किंवा फोन करून वेळापत्रक बघा. मग अर्ज करा, ‘मला प्रशिक्षण मिळावे ही विनंती’ एवढाच नाही. त्यात परिषदेचा नोंदणी क्रमांक, रुजू दिनांक, लेबर रूममधले एकूण महिने, रजिस्टरवरून काढलेली दरमहा सरासरी प्रसूती, आजवर झालेली प्रशिक्षणं तारखांसह, आणि हवी असलेली प्रशिक्षणं क्रमाने लिहा. सर्वांत उपयोगाचा परिच्छेद शेवटचा: तुम्ही गेल्यावर तुमच्या पाळ्या कोण सांभाळणार. दोन सहकारी नर्सशी आधीच बोलून ठेवा, त्यांची नावं आणि तात्पुरतं पाळीपत्रक अर्जाला जोडा. नकार येतो तो बहुतेक वेळा पाळीपत्रकामुळे येतो, कंत्राटामुळे नाही.

अर्ज वैद्यकीय अधीक्षकांमार्फत जिल्हा शल्य चिकित्सकांना, प्रत जिल्हा प्रशिक्षण केंद्राला. आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. आर्थिक वर्षाच्या शेवटी, जानेवारी ते मार्चमध्ये, राहिलेल्या बॅचेस उरकण्याची घाई असते आणि ऐन वेळी कुणी ना कुणी गळतं. त्या रिकाम्या जागेसाठी ‘दोन दिवसांच्या सूचनेवर येऊ शकते’ असं अर्जात लिहिलेल्या माणसाला आधी फोन येतो. कार्यमुक्तीचा आदेश मात्र लेखी घ्या. तोंडी ‘जा’ म्हटल्यावर गेलेल्यांचे दिवस नंतर गैरहजेरीत धरले गेल्याच्या तक्रारी आमच्याकडे नेहमी येतात.

मिडवाइफरीबद्दल. केंद्र सरकारने डिसेंबर २०१८ मध्ये मिडवाइफरी सेवांची मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि त्यातून नर्स प्रॅक्टिशनर इन मिडवाइफरी, म्हणजे एनपीएम, हा अठरा महिन्यांचा अभ्यासक्रम आला. जीएनएम किंवा बीएस्सी नर्सिंग, परिषदेची नोंदणी आणि प्रसूती करण्याचा दोन वर्षांचा अनुभव, ही अट तुम्ही आजच पूर्ण करता. कमी जोखमीच्या बाईचं बाळंतपण डॉक्टरच्या आदेशाची वाट न पाहता, तिच्या सोयीच्या स्थितीत, सोबत तिचं माणूस ठेवून, कारणाशिवाय टाका न घेता करायचं, आणि बिघाडाची पहिली खूण दिसताच पुढे पाठवायचं, हे त्याचं सार. तुमच्यासारखीसाठी हा आमच्या मते सर्वांत योग्य लांबचा रस्ता आहे. पण नाव देण्याआधी तीन गोष्टी लेखी विचारा: अठरा महिने कंत्राट चालू राहील का, मानधन मिळेल का, आणि परत आल्यावर नेमणूक मिडवाइफच्या कामावरच होईल का. शिकून आलेल्या नर्सला पुन्हा पुरुष वॉर्डात बसवलं तर तिचं आणि व्यवस्थेचंही नुकसान.

शिकवण्याकडे ओढा असेल तर रस्ता वेगळा. तिथे पोस्ट बेसिक बीएस्सी आणि मग एमएस्सी लागते. नोकरी न सोडता इग्नूची पोस्ट बेसिक बीएस्सी तीन वर्षांत करता येते, दोन वर्षांच्या अनुभवाची अट आहे. इग्नूचा माता व बाल आरोग्याचा पदव्युत्तर डिप्लोमाही कुणी सुचवेल. तो एमबीबीएस डॉक्टरांसाठी आहे, त्यात वेळ घालवू नका.

आता मुलींचं काम. तुमच्या पत्रातली ही ओळ आम्ही दोनदा वाचली, कारण लेबर रूम आणि मैत्री क्लिनिक यांच्यात एक दार आहे आणि ते बहुतेक ठिकाणी बंद असतं. सतरा-अठराची मुलगी पोटुशी होऊन तुमच्याकडे येते तेव्हा तिला ‘एएनसी’, म्हणजे गरोदर बाई, म्हणून नोंदवलं जातं, किशोरी म्हणून नाही. राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम जानेवारी २०१४ मध्ये सुरू झाला. १० ते १९ वयोगट आणि सहा विषय: पोषण, लैंगिक व प्रजनन आरोग्य, मानसिक आरोग्य, इजा आणि हिंसा, व्यसनं, असंसर्गजन्य आजार. त्याची प्रशिक्षणं वैद्यकीय अधिकारी, एएनएम-एलएचव्ही (आरोग्य सेविका आणि त्यांच्या पर्यवेक्षिका) आणि समुपदेशक अशी वेगवेगळी असतात. स्टाफ नर्सचं नाव त्यात आपोआप येत नाही, म्हणून वरच्याच अर्जात ते स्वतंत्र ओळीत मागा आणि कारण लिहा: ‘१९ वर्षांखालील गरोदर मुली लेबर रूममध्ये येतात, त्यांच्या समुपदेशनासाठी’. रजिस्टरवरून गेल्या वर्षातला आकडा काढून जोडला तर नाही म्हणणं अवघड जातं.

समुपदेशकाचं पद मात्र सहसा समाजकार्य किंवा मानसशास्त्राच्या पदवीवर भरलं जातं, त्यामुळे ती खुर्ची तुमची होईल या आशेवर राहू नका. आठवड्यातून एक दुपार तिथे बसायची परवानगी मात्र मिळू शकते. बसायला लागलात की बोलण्याची पद्धत शिकून घ्या: घर, शाळा, जेवण, मित्रमैत्रिणी, व्यसन, शरीरसंबंध, सुरक्षितता, आणि जीव नकोसा होणं, या क्रमाने, सोप्याकडून अवघडाकडे. पहिल्याच प्रश्नात ‘पाळी नियमित येते का?’ विचारलं आणि आई शेजारी बसलेली असली तर मुलगी तेवढ्याचंच उत्तर देऊन उठते. आईला पाच मिनिटं बाहेर बसवायचं, आणि काय गुप्त राहील, काय राहणार नाही, हे मुलीला आधीच सांगायचं.

ते ‘काय राहणार नाही’ नीट माहीत हवं. अठरा वर्षांखालच्या मुलीशी शरीरसंबंध पॉक्सो कायद्यात गुन्हा आहे, आणि माहिती कळल्यावर ती पोलिसांना देणं कलम १९ नुसार सक्तीचं आहे, लग्न झालेलं असलं तरी. मात्र २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की अल्पवयीन मुलगी गर्भपातासाठी आली आणि तिने व पालकांनी विनंती केली, तर ही माहिती देताना डॉक्टरांनी तिची ओळख उघड करण्याची गरज नाही. हे ठाऊक नसल्यामुळे मुली रुग्णालय टाळतात आणि भलत्या हातात जातात. प्रशिक्षणात हा भाग घाईत उरकला जातो, तुम्ही प्रश्न विचारून तो थांबवा.

शाळा-वस्तीत जाऊन बोलायचं असेल तर सर्चचा ‘तारुण्यभान’ कार्यक्रम बघण्यासारखा आहे. गाव पातळीवर काम कसं उभं राहतं ते शिकायला जामखेडचा ग्रामीण आरोग्य प्रकल्पही. १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी तो सुरू केला आणि तिथे प्रशिक्षण संस्थाही आहे. दोन्ही ठिकाणी आधी पत्र लिहून चालू वर्षात काय आहे ते विचारा.

राहिला मुलगा. एसबीए स्वतःच्या जिल्ह्यात, तेही शक्यतो जाऊन-येऊन करता येईल अशा ठिकाणी मागा. अर्जात तशी विनंती केली तर बॅच बदलून मिळते. रात्रपाळ्या सलग न घेता एक आड एक घ्या, म्हणजे तो दोन रात्री लागोपाठ तुमच्याशिवाय राहणार नाही. एफबीएनसीचे दोन आठवडे पुढच्या वर्षावर टाका, आणि तेव्हा वसतिगृहात मूल आणि सोबत आजी किंवा मावशी यांना राहू देतात का हे नाव देण्याआधी विचारा. बहुतेक ठिकाणी देत नाहीत, मग जवळच खोली शोधायला आठ दिवस हाताशी लागतात.